फार्मसीला प्रवेश घेण्याआधी : एका पालकांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

सातारा जिल्ह्यातील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत ६४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. नीटमध्ये वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नाहीत. सीईटी मात्र तिने दिलेली आहे. तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या कॉलेजात डी.फार्म.ला (फार्मसीच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला) लगेच प्रवेश मिळतो आहे, तर बी.फार्म.साठी (चार वर्षांच्या पदवीसाठी) घर सोडून राहावे लागेल. एक नातेवाईक सांगतात की डिप्लोमा पुरे आहे, पुढे सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला लावले, म्हणजे स्वतः न बसता दुकानाला नुसते वापरायला दिले, की घरबसल्या पैसे सुरू होतात. दुसरे सांगतात की करायचेच असेल तर फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम करा, नावामागे डॉक्टर लागते. यातले खरे किती, आणि मुलीने काय करावे?

पदवी घेतल्यावर मी नऊ वर्षे गोळ्या तयार करणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम केले आणि गेली सतरा वर्षे स्वतःचे औषध दुकान चालवतो आहे. या दोन्ही ठिकाणच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, डी.फार्म. की बी.फार्म. हा प्रश्न आपण दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न मुलीला विचारावा : तुला रोज आठ-दहा तास कुठे उभे राहायला आवडेल? मेडिकलच्या काउंटरवर, आजारी माणसाशी बोलत? कारखान्याच्या प्रयोगशाळेत, जिथे दिवसभर माणसाशी कमी आणि नमुन्यांशी जास्त संबंध येतो? रुग्णालयाच्या वॉर्डात? की कार्यालयात संगणकासमोर, औषधांची कागदपत्रे तपासत? या चार ठिकाणांचे रस्ते पहिल्याच वर्षी वेगळे होऊ लागतात, आणि चुकीच्या रस्त्याने गेलेली अनेक हुशार मुले चार वर्षांनी बँकेच्या परीक्षांची तयारी करताना मी पाहिली आहेत.

काउंटरपासून सुरुवात करतो, कारण या कामाविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पट्टी काढून देणे आणि बिल करणे एवढेच हे काम आहे असे लोकांना वाटते. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, आणि या तरतुदीमागे सबळ कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर बाई माझ्या दुकानात तोंडातल्या फोडांसाठी मलम मागायला आल्या. फोड फार होते आणि थकवाही दिसत होता, म्हणून मी आधीची चिठ्ठी पाहायला मागितली. संधिवातासाठी त्यांना मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिलेही होते. परंतु जिथून गोळ्या घेतल्या तिथल्या मुलाने पाकिटावर ‘रोज एक’ असे लिहून दिले होते आणि बाई नऊ दिवस ती गोळी रोज घेत होत्या. या औषधाने रक्तातील पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात आणि तोंडातील फोड ही अनेकदा त्याची पहिली खूण असते. मी त्यांच्या मुलाला बोलावून घेतले, डॉक्टरांना फोन केला आणि त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात दाखल केले. त्या बऱ्या झाल्या. त्या पहिल्या दुकानाच्या भिंतीवर फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. ज्या व्यक्तीचे ते होते, ती दुसऱ्या जिल्ह्यात राहत होती.

आपल्या नातेवाइकांनी सुचवलेली ‘घरबसल्या’ कमाई ती हीच. आपण प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून मीही स्पष्ट सांगतो : हा मार्ग मुलीच्या डोक्यातून आजच काढून टाका. औषध नियमांनुसार किरकोळ विक्रीचा परवाना फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीच्या अटीवर मिळतो, आणि तपासणीच्या वेळी तो जागेवर नसेल तर दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. फार्मासिस्टचे नाव, त्यांची नोंदणी करणाऱ्या राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीतून काढले जाऊ शकते. शेड्यूल एच-१ मधील औषधांची, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते; ती जबाबदारीही त्याच नावावर येते. माझ्या बरोबरीने शिकलेल्या एकाने असे सर्टिफिकेट दिले होते. दुकानात झोपेच्या गोळ्यांचा हिशेब लागला नाही तेव्हा मालकाने हात वर केले, आणि या गृहस्थांना, ज्यांनी त्या गोळ्या कधी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या, चार वर्षे खुलासे देत फिरावे लागले. महिन्याला मिळणाऱ्या थोड्या हजारांसाठी त्यांनी शिक्षणाने मिळालेली एकमेव गोष्ट पणाला लावली. शिवाय जो मुलगा किंवा मुलगी दुकानात बसतच नाही, त्यांचे शिकलेले दोन-तीन वर्षांत पुसून जाते आणि मग खरोखर काम करायची इच्छा झाली तरी हात धजत नाही.

आता डी.फार्म.विषयी. हा कमी प्रतीचा अभ्यासक्रम आहे असे मी मानत नाही. दोन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत पूर्ण करावयाचे ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अशी त्याची रचना आहे. २०२० च्या नव्या नियमांनी त्यात सामाजिक फार्मसी, समुदाय फार्मसी व व्यवस्थापन, औषधोपचारशास्त्र असे विषय आले आणि अभ्यासक्रम दुकान व रुग्णालयाच्या कामाच्या जवळ आला. महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. नोंदणी झाल्यावर काउंटरवरच्या अधिकारात डिप्लोमाधारक आणि पदवीधर यांच्यात काहीही फरक नाही. फरक इतरत्र आहे. औषध निरीक्षक होण्यासाठी, कारखान्यात उत्पादनाची किंवा चाचणीची जबाबदार तांत्रिक व्यक्ती म्हणून मान्यता मिळवण्यासाठी आणि एम.फार्म. (पदव्युत्तर पदवी) करण्यासाठी डिप्लोमा चालत नाही. २०२२ च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही आणली आहे, तेव्हा आपल्या मुलीच्या तुकडीला ती कशी लागू होईल हे कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता राज्य फार्मसी परिषदेकडून लेखी समजून घ्यावे. कॉलेज कच्चे असेल तर त्याचा खरा परिणाम या परीक्षेत दिसतो, कारण तिथे अंतर्गत गुणांचा आधार नसतो.

डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन अधिक तीन अशी पाच वर्षे लागतात, म्हणजे थेट पदवीपेक्षा एक वर्ष जास्त. परंतु मधल्या टप्प्यावर हातात नोंदणी आलेली असते. घरची आर्थिक बाजू नाजूक असेल आणि दोन वर्षांनी कमाई सुरू होणे गरजेचे असेल, तर हा मार्ग शहाणपणाचा आहे. या मार्गाने आलेली मुले औषधांची नावे, मात्रा आणि चिठ्ठी वाचणे यात थेट आलेल्या मुलांच्या पुढे असतात. रसायनशास्त्रात मात्र त्यांना पहिले वर्षभर घाम गाळावा लागतो.

बी.फार्म. चार वर्षांचे, आठ सत्रांचे. प्रवेश सीईटीच्या गुणांवर केंद्रीभूत फेऱ्यांतून होतो, आणि गणित नसले तरी जीवशास्त्राच्या गटावर तो मिळतो, त्यामुळे आपल्या मुलीला अडचण येऊ नये. हा अभ्यासक्रम मुख्यतः कारखान्याकडे तोंड करून उभा आहे. कारखान्यातील काम म्हणजे काय हे बारावीच्या मुलांना कोणीच दाखवत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोळी तयार होते ती अशी : औषधाची भुकटी आणि पूरक द्रव्ये एकत्र करून त्यांचे दाणे बनवायचे, ते वाळवायचे, यंत्रावर दाबून गोळी करायची, गरज असेल तर तिच्यावर लेप चढवायचा आणि शेवटी पट्टीत भरायची. ही उत्पादन विभागाची बाजू. आलेल्या प्रत्येक कच्च्या मालाची आणि तयार झालेल्या प्रत्येक बॅचची तपासणी करतो तो गुणवत्ता नियंत्रण विभाग. तिथे एचपीएलसीसारख्या, नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर काम चालते. हे सर्व ठरलेल्या पद्धतीने झाले की नाही, त्याच्या नोंदी त्याच वेळी आणि खऱ्या केल्या की नाही हे पाहतो आणि बॅच बाहेर सोडायची की अडवायची हे ठरवतो तो गुणवत्ता हमी विभाग. माझी नऊ वर्षे याच विभागात गेली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष खोकल्याच्या औषधातून २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुलांच्या जिवावर उठल्याचे आपण वाचले असेल. ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपाचा नमुना घेऊन एक चाचणी करणे आणि ती झालेली नसताना सही न करणे, एवढ्यावर हे सारे अवलंबून असते. नव्याने लागलेल्या मुलीची त्या चाचणीच्या कागदावर सही असते, आणि वरिष्ठ घाई करत असताना पेन खाली ठेवण्याची हिंमत तिच्यात हवी. हे काम मला आयुष्यात सर्वांत मोलाचे वाटले, आणि ज्यांना बारकाईची आवड आहे त्यांना त्यात मनापासून समाधान मिळते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कारखाने तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, छत्रपती संभाजीनगर, गोव्यातील वेर्णा, गुजरातमधील अंकलेश्वर, हिमाचलमधील बद्दी, हैदराबाद अशा ठिकाणी आहेत. गावात राहून ही नोकरी होत नाही. पाळ्या असतात. माझ्या पाहण्यात नव्या बी.फार्म. पदवीधराला आपल्याकडे साधारणपणे महिना पंधरा ते बावीस हजारांपासून सुरुवात होते, आणि पालकांची निराशा इथेच होते. दोन-तीन वर्षे एकाच विभागात नेटाने काम केलेल्या आणि अमेरिकी किंवा युरोपीय तपासण्या जवळून पाहिलेल्या माणसाला मात्र दुसरी नोकरी शोधताना अडचण येत नाही, आणि पगारातला मोठा फरक तिथे पडतो. उत्पादन विभागात मुलींना घेताना काही कंपन्या अजूनही कचरतात. प्रयोगशाळा, गुणवत्ता हमी आणि नियामक कामकाज या विभागांत त्या मोठ्या संख्येने आहेत आणि वरच्या पदांवरही गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

नियामक कामकाज म्हणजे निरनिराळ्या देशांत औषध विकण्याची परवानगी मिळवण्यासाठी लागणारी कागदपत्रे तयार करणे. त्याला जोडून दुसरे वाढलेले क्षेत्र औषध दक्षतेचे आहे : औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करून त्यांचे विश्लेषण करायचे. आपल्या देशाचा असा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, आणि परदेशी कंपन्यांसाठी हेच काम करणारी कार्यालये मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे आहेत. इथे इंग्रजी वाचन-लेखन चांगले लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी यात कमी मानून घेऊ नये. पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास वैद्यकीय मजकूर वाचला तर पदवी होईपर्यंत भाषा सहज अंगवळणी पडते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो आहे.

फार्म.डी. सहा वर्षांचा आहे : पाच वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. तो भारतात २००८ मध्ये सुरू झाला. वॉर्डातील रुग्णांच्या औषधांची मात्रा, परस्परक्रिया, मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार करावयाचे बदल हे त्याचे क्षेत्र, आणि अभ्यास खरोखर सुंदर आहे. परंतु नावामागे डॉक्टर लागले तरी रुग्ण तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. सरकारी रुग्णालयांत अशी स्वतंत्र पदे फारशी निर्माण झालेली नाहीत, त्यामुळे मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालये आणि औषध दक्षतेच्या कंपन्या एवढाच वाव सध्या राहतो. डॉक्टर म्हणवून घेण्याच्या ओढीने हा अभ्यासक्रम घेऊ नये. कॉलेजशी जोडलेले मोठे आणि रोज रुग्णांनी भरलेले रुग्णालय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.

कॉलेजच्या निवडीवर मी सर्वांत जास्त भर देतो. कॉलेजे फार वाढली म्हणून भारतीय फार्मसी परिषदेने २०२० पासून पाच वर्षे नव्या संस्थांवर बंदी घातली होती. ही बंदी केवळ ठरावाने घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत कॉलेजे उभी राहिली. त्यातली काही तळमळीने चालवलेली आहेत. काहींमध्ये मात्र इमारत आहे, फलक आहे आणि प्रयोगशाळेतील काचेची भांडी तपासणीच्या दिवसानंतर कपाटातून बाहेर आलेली नाहीत. म्हणून आपण मुलीला घेऊन आधी न कळवता, सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कॉलेजात जावे. प्रयोगशाळेत त्या वेळी मुले काम करत आहेत का, हे पाहावे. यंत्रखोलीतील गोळ्या दाबण्याचे यंत्र शेवटचे कधी चालवले, हे शिक्षकांऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ग्रंथालयातील पुस्तकांच्या मागच्या पानावरील तारखांचे शिक्के पाहावेत. ५०० तासांचे प्रशिक्षण कुठे करवून घेतात, आणि ते खरोखर करवून घेतात की शिक्का मारून आणायला सांगतात, हे आधीच्या तुकडीतील मुलांकडून समजून घ्यावे. ‘हजेरीची काळजी करू नका’ असे कोणी आश्वासन दिले, तर तिथून उठून यावे. फार्मसी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची मान्यता तपासणे तर आवश्यकच आहे, कारण मान्यता नसलेल्या कॉलेजातून मिळालेल्या पदविकेवर नोंदणी होत नाही.

पुढील शिक्षणाविषयी थोडक्यात. एम.फार्म. दोन वर्षांचे आहे, आणि जीपॅट ही त्यासाठीची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मोहालीची नायपर (औषधनिर्माण शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था) आणि तिच्या भगिनी संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. संशोधनाची ओढ असेल तर यांतील एखादे लक्ष्य तिसऱ्या वर्षीच ठेवावे. केवळ नोकरी लागली नाही म्हणून केलेले एम.फार्म. क्वचितच उपयोगी पडते.

सरकारी नोकऱ्यांत जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागातील औषध निर्माण अधिकारी, ज्याला जुने लोक अजून मिश्रक म्हणतात, रेल्वे आणि कामगार विमा रुग्णालयांतील फार्मासिस्ट, तसेच लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी औषध निरीक्षकाची पदे येतात. जागा थोड्या आणि जाहिराती अनियमित असतात. प्रत्येक जाहिरातीतील अर्हता शब्दशः वाचावी, कारण पदविका मागितली आहे की पदवी, यावरच अनेकांचे अर्ज बाद होतात. काम करत करत तयारी करावी. तीन-चार वर्षे केवळ वाट पाहण्यात घालवू नयेत.

परदेशाबद्दल आपण थेट विचारले नाही, पण प्रवेशाच्या जाहिरातींत त्याचा फार उल्लेख असतो म्हणून लिहितो. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी पाच वर्षांची फार्मसी पदवी लागते, त्यामुळे आपले चार वर्षांचे बी.फार्म. तिथल्या पात्रता परीक्षेला पुरत नाही; फार्म.डी. चालते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्या वाटा वेगवेगळ्या परीक्षांच्या, प्रशिक्षणाच्या आणि बऱ्याच खर्चाच्या आहेत. आखाती देशांत परवान्यासाठी कामाचा अनुभव विचारतात, आणि तिथेही भाड्याने दिलेल्या सर्टिफिकेटवरचा ‘अनुभव’ मुलाखतीच्या दोन प्रश्नांत उघडा पडतो.

स्वतःचे दुकान हा आपल्या भागात मुलींसाठीही उत्तम पर्याय आहे, असे माझे मत आहे. किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा, शीतकपाट आणि फार्मासिस्ट लागतो. नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलेले असते. त्यातून भाडे, पगार, मुदत संपलेला माल आणि आता साखळी दुकाने व ऑनलाइन विक्रेत्यांच्या सवलतींशी स्पर्धा भागवायची असते. जे दुकान केवळ सवलतीवर चालते ते टिकणे कठीण झाले आहे. जिथे फार्मासिस्ट स्वतः बसते, मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन कुठे ठेवायचे आणि सुई कशी धरायची हे दाखवते, दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत तेच औषध दोन नावांनी आले तर ओळखते, तिथे लोक दोन गावे ओलांडून येतात. भांडवल कमी असेल तर सरकारी योजनेतून स्वस्त औषधे विकणाऱ्या जनऔषधी केंद्राचाही विचार करता येतो. तिथे कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने काम करावे लागते, आणि त्यासाठी अभ्यास पक्का लागतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत, दिलेल्या माहितीवरून, मी असे करेन. बी.फार्म.चा केंद्रीभूत फेरीचा अर्ज मुदतीत भरेन आणि पसंतीक्रमात जुनी, स्वतःची यंत्रसामग्री असलेली कॉलेजेच लिहीन, मग ती थोडी लांब का असेनात. डी.फार्म.चा अर्जही भरून ठेवेन. तालुक्याच्या कॉलेजात आज पैसे भरून जागा अडवणार नाही, कारण तिथल्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत शिल्लक राहण्याची शक्यता मोठी आहे. दरम्यान, ओळखीच्या एखाद्या दुकानात, जिथे फार्मासिस्ट खरोखर बसतात, तिला आठवडाभर संध्याकाळी दोन तास नुसते उभे राहून पाहू द्यावे. तसेच कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या ताईंशी तिचे निवांत बोलणे घालून द्यावे. त्यानंतर ती जे सांगेल त्यानुसार पसंतीक्रमाची यादी अंतिम करावी, आणि ती यादी तिने स्वतःच्या हाताने भरावी.